मोठ्या व्हिडिओ गेम स्पर्धेत येणाऱ्यांचा अनुभव सुधारायचा असेल, तर आधी कशावर खर्च करावा?

प्रश्न : आयोजन_सहायक

नमस्कार. आमची समिती फायटिंग गेम्सची, म्हणजे दोन खेळाडूंच्या लढतीच्या व्हिडिओ गेम्सची, तीन दिवसांची स्पर्धा भरवते. पुढच्या खेपेस मुख्य खेळासाठी सुमारे 1024 खेळाडूंची नोंदणी होईल असा आमचा अंदाज आहे; केवळ पाहायला येणारे प्रेक्षक त्याशिवाय वेगळे. पद्धत नेहमीचीच, दुहेरी बाद, म्हणजे दोनदा हरला की खेळाडू बाहेर : पहिल्या दिवशी सोळा-सोळा जणांचे पूल (गट), प्रत्येक पूलमधून दोघे पुढे, दुसऱ्या दिवशी उरलेल्यांचे सामने आणि तिसऱ्या दिवशी मुख्य मंचावर शेवटचे आठ.

गेल्या वेळी सामने उत्तम झाले, अंतिम फेरीला सभागृह दुमदुमले, आणि तरीही नंतर आलेले अभिप्राय वाचून आम्हांला समाधान वाटले नाही. तक्रारी खेळाबद्दल नव्हत्याच. आपला सामना नेमका केव्हा आणि कोणत्या टेबलावर आहे हे कळत नव्हते. प्रवेशाच्या रांगेत इतका वेळ गेला की सकाळच्या पहिल्या पूलचे काही खेळाडू धावतपळत पोहोचले. मागे बसलेल्यांना मोठ्या पडद्यावरचे आकडे वाचता येत नव्हते. हरल्यानंतर करण्यासारखे काही उरत नव्हते. एका खेळाडूने लिहिले होते की दिवसभरात तो जेवढा वेळ खेळला, त्याच्या कितीतरी पट वेळ भिंतीला टेकून मोबाइल पाहत उभा होता.

समितीत आता दोन मते आहेत. काहींना वाटते की मंच मोठा करावा, प्रकाशयोजना आणि ध्वनी यांवर भर द्यावा, कारण लोकांच्या स्मरणात तेच राहते आणि स्ट्रीमवरही, म्हणजे इंटरनेटवरच्या थेट प्रक्षेपणातही, तेच दिसते. माझ्यासह इतरांना वाटते की तक्रारी जिथे आहेत तिथे पैसा आणि माणसे लावावीत. परंतु नेमके कुठे, हे ठामपणे सांगण्याइतका आधार माझ्यापाशी नाही. आपल्यापैकी ज्यांनी अशा स्पर्धा भरवल्या आहेत, खेळल्या आहेत किंवा नुसत्या पाहिल्या आहेत, त्यांनी आपले मत कारणांसह मांडावे, ही विनंती.

उत्तर : पहिली_फेरी

मी बरीच वर्षे पूल चालवण्याचे काम करतो, त्यामुळे माझे उत्तर ब्रॅकेटपासून, म्हणजे सामन्यांच्या जोड्यांच्या तक्त्यापासून, सुरू होते. मंचाचा निर्णय घेण्यापूर्वी समितीने आपल्याच पद्धतीचे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे.

सोळा जणांच्या पूलमध्ये पहिल्या फेरीत आठ जण हरतात आणि लूजर्स ब्रॅकेटमध्ये, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या तक्त्यात, जातात. तिथल्या पहिल्याच फेरीत त्यांतले चार जण पुन्हा हरून बाद होतात. म्हणजे कोण किती चांगला खेळतो हा प्रश्नच नाही. पद्धतच अशी आहे की दर चार खेळाडूंपैकी एक जण एकही सामना न जिंकता घरी जाणार. तुमच्या 1024 मध्ये असे 256 जण असतील. पहिला दिवस संपेपर्यंत प्रत्येक पूलमधून चौदा जण बाद झालेले असतील, म्हणजे एकूण 896. दुसऱ्या दिवशी खेळणारे उरतात अवघे 128. ज्यांनी नोंदणी शुल्क भरले, प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च केला, सरावासाठी महिनोन्‌महिने दिले, त्यांतल्या प्रत्येक आठांपैकी सात जणांसाठी उरलेले दोन दिवस म्हणजे प्रेक्षक म्हणून काढायचे दिवस आहेत. त्यांच्यासाठी त्या दोन दिवसांत काय आहे, हा प्रश्न मंचाच्या रुंदीपेक्षा मोठा आहे असे मला मनापासून वाटते.

आता वेळेचे गणित पाहा. सोळांच्या पूलमधून दोघे पुढे पाठवायचे तर 29 सामने होतात : चौदा जण प्रत्येकी दोनदा हरतात आणि पुढे गेलेल्यांपैकी एक जण एकदा हरलेला असतो. तीनपैकी दोन डाव जिंकण्याचा सामना, खेळाडूंची उठबस, कंट्रोलर जोडणे आणि बटणे तपासणे हे सारे धरून सरासरी आठ मिनिटे लागतात असे समजू. एका पूलला दोन सेटअप (कन्सोल आणि मॉनिटर मांडलेली खेळण्याची जागा) दिले तर 116 मिनिटे लागतात. बहुतेक आयोजक अशा पूलसाठी दोन तासांची वेळ छापतात. हाताशी उरतात चार मिनिटे. एक खेळाडू शेजारच्या खेळाच्या पूलमध्ये अडकला, एकाचा कंट्रोलर चालेना, की पुढचा पूल उशिरा सुरू होणार. आणि हा उशीर साचत साचत संध्याकाळच्या पूलपर्यंत तासा-दीड तासाचा होतो. भिंतीला टेकून उभा असलेला तुमचा खेळाडू इथे तयार होतो.

तिसरा सेटअप द्या आणि वेळ मात्र दोन तासांचीच ठेवा. तिसऱ्या सेटअपने काम एक-तृतीयांशाने कमी होईल असे मात्र समजू नका, कारण शेवटच्या फेऱ्या एकमेकींवर अवलंबून असतात. कितीही सेटअप लावले तरी किमान सात सामने एकापाठोपाठच व्हावे लागतात. तरीही साधारण दीड तासात पूल उरकतो आणि अर्धा तास मोकळा मिळतो. तो मोकळा अर्धा तास हीच तुमची सर्वांत मोलाची गुंतवणूक आहे. छापलेली वेळ पाळली जाते असा विश्वास एकदा बसला की खेळाडू निर्धास्तपणे जेवायला जातो, मित्राचा सामना पाहतो आणि आपल्या वेळेला परत येतो.

गैरहजेरीचा नियमही सगळीकडे एकच असावा. नाव पुकारल्यानंतर किती मिनिटांनी प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल द्यायची हे आधी जाहीर करावे आणि कोणत्याही पूलच्या प्रमुखाने ओळखीपाळखीने ते वाढवू नये. एका टेबलावर पाच मिनिटे आणि दुसऱ्यावर वीस मिनिटे वाट पाहिली जाते तेव्हा होणारा मनस्ताप हरण्यापेक्षा अधिक काळ टिकतो.

उत्तर : शेवटची_ओळ

मी स्वतः खेळत नाही, केवळ पाहायला जाते, आणि या चर्चांमध्ये आमचा विचार बहुधा शेवटी होतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

वरील गणित मला पूर्ण पटले, पण त्यावरून मंच दुय्यम आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. मात्र मंच मोठा असणे आणि मंचावरचे नीट दिसणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत. 2004 च्या इव्हो या फायटिंग गेम्सच्या मोठ्या स्पर्धेत दाइगो उमेहारा या खेळाडूने प्रतिस्पर्धी जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राचा संपूर्ण सुपर, म्हणजे अनेक फटक्यांचा खास हल्ला, एकेक फटका अडवत परतवला, तो प्रसंग आज वीस वर्षांनंतरही लोक पाहतात. तिथे आजच्यासारखी भव्य प्रकाशयोजना नव्हती. होते ते खेळ समजणारे प्रेक्षक आणि त्यांना स्पष्ट दिसणारा पडदा. प्रत्येक अडवलेल्या फटक्यागणिक चढत जाणारा त्यांचा आवाज काढून टाकला, तर त्या चित्रफितीत अर्धाच प्राण उरेल.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की रिकाम्या सभागृहात, सर्वांत मागच्या खुर्चीवर समितीतल्या कोणीतरी बसून पाहावे. खेळाडूंची नावे, जिंकलेले डाव, कोण विनर्समधून (एकदाही न हरता) आला आणि कोण लूजर्समधून, हे तिथून वाचता येते का? स्ट्रीमसाठी केलेली अक्षरे घरच्या पडद्यासाठी ठीक असतात. सभागृहात समोरच्यांची डोकी आडवी येतात आणि नेमकी खालची पट्टी झाकली जाते. नावे आणि गुण पडद्याच्या वरच्या भागात घ्यावेत किंवा पडदाच उंच टांगावा. याला विशेष खर्च येत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. पहिल्या दिवशी एकाच दालनात चार खेळांचे समालोचन एकमेकांवर आदळत असते, आणि त्यात पूलच्या पुकाऱ्याचे ध्वनिक्षेपक भर घालतात. कोणत्याच समालोचकाचे वाक्य पूर्ण ऐकू येत नाही आणि पूलमधल्या खेळाडूंना आपल्या खेळाचा आवाजही ऐकू येत नाही. प्रत्येक स्ट्रीमच्या समोर लहान ध्वनिक्षेपक, कमी आवाजात, बसलेल्यांच्या दिशेने वळवलेले असावेत. दालनाच्या टोकापर्यंत आवाज पोहोचवण्याची गरज पहिल्या दिवशी कोणालाच नसते.

तिसरी गोष्ट मधल्या वेळांची. दोन सामन्यांमध्ये पडदा रिकामा राहिला, तीच जाहिरात पुन्हा पुन्हा फिरत राहिली आणि पुढे काय आहे, किती वाजता आहे हे कोणी सांगितले नाही, तर प्रेक्षक उठून जातो आणि परत येतोच असे नाही. पुढचा सामना कोणाचा, किती मिनिटांनी, एवढी एक ओळ पडद्यावर असली तरी माणूस पाणी पिऊन परत येतो. ज्यांना खेळाची माहिती नाही अशांना सोबत घेऊन अनेक जण येतात. अंतिम दिवशी प्रत्येक खेळाच्या सुरुवातीला समालोचकांनी दोन मिनिटे देऊन पडद्यावरच्या पट्ट्यांचा अर्थ, म्हणजे कोणती प्राणशक्ती, कोणता सुपर, समजावून सांगितला, तर ही मंडळी पुढचे दोन तास खुर्चीवरून हलत नाहीत.

उत्तर : सोळा_मिलिसेकंद

सेटअप पुरवण्याचे आणि ते चालू ठेवण्याचे काम मी पाहतो, त्यामुळे तेवढ्यापुरतेच लिहितो.

हे खेळ सेकंदाला 60 फ्रेम्सच्या (पडद्यावरच्या चित्रांच्या) गतीने चालतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे 16.67 मिलिसेकंदांची. पाहणाऱ्याला हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण खेळाडूच्या हाताला तो कळतो. साध्या टीव्हीवर चित्र सुधारण्याच्या प्रक्रिया चालू राहिल्या तर कित्येक फ्रेम्सचा उशीर सहज होतो. म्हणून सगळीकडे एकाच जातीचे मॉनिटर असावेत, आणि ते शक्य नसेल तर किमान एका पूलमधले सगळे सेटअप सारखे असावेत. टेबल बदलल्यावर वेळ चुकू लागली तर खेळाडू स्वतःला दोष देत बसतो, आणि दोष आपला असतो. 2001 साली आलेला सुपर स्मॅश ब्रदर्स मेली हा खेळ आजही जुन्या काचेच्या सीआरटी टीव्हीवर खेळतात, त्याचे कारण हा उशीरच आहे. ते जड टीव्ही आणि कन्सोल खेळाडू स्वतः उचलून आणतात, आणि त्याबदल्यात आयोजक त्यांना शुल्कात सूट देतात. तुमच्या स्पर्धेतही अशी सूट ठेवलीत, तर वर सुचवलेला तिसरा सेटअप विकत न घेता उभा राहू शकेल.

बिनतारी कंट्रोलरविषयी सविस्तर लिहायलाच हवे. खेळाडू आपला कंट्रोलर कन्सोलला तारेने जोडून खेळतो, उठतो आणि निघून जातो. पण त्या कन्सोलने तो कंट्रोलर आता आपला म्हणून लक्षात ठेवलेला असतो. दालनात फिरताना त्याच्या पिशवीत कंट्रोलरचे मधले बटण दाबले जाते, कंट्रोलर जुन्या कन्सोलशी जोडला जातो, आणि तिथे दोन अनोळखी माणसांचा निर्णायक डाव थांबून पडद्यावर मेनू उघडतो. यावरून वाद होतात, कधी नियमाप्रमाणे डावही गमवावा लागतो, आणि ज्याच्या पिशवीत हे घडले त्याला त्याची गंधवार्ताही नसते. उपाय एवढाच की सामना संपल्यावर कंट्रोलरची जोडणी तोडल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. हे प्रत्येक मॉनिटरच्या खाली ठळक अक्षरांत, कोणत्या मेनूत जाऊन काय दाबायचे यासह, चिकटवून ठेवावे. नियमावलीच्या दहाव्या पानावर लिहून उपयोग नाही. माणूस खुर्चीवरून उठताना जिथे पाहतो तिथे ते दिसले पाहिजे.

हेडफोनविषयीही एक विनंती आहे. प्रत्येक सेटअपवर दोन्ही खेळाडूंना आपापले हेडफोन जोडता आले पाहिजेत. 2023 मध्ये आलेल्या स्ट्रीट फायटर 6 मध्ये प्रतिस्पर्धी किती अंतरावर आहे, फटका वर बसला की खाली, हे आवाजावरून कळण्याची सोय दिलेली आहे, आणि दृष्टिहीन खेळाडू तिच्या बळावर स्पर्धांत उतरतात. शेवटची_ओळ यांनी ज्या गोंगाटाचे वर्णन केले आहे, तो इतरांसाठी त्रासाचा असेल. अशा खेळाडूसाठी मात्र तो पडदाच बंद केल्यासारखा आहे.

आयोजन_सहायक

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. 896 हा आकडा मी आज समितीच्या बैठकीत मांडला, आणि मंचाच्या बाजूने बोलणारेही थोडा वेळ विचारात पडले.

दोन शंका उरतात. पूलच्या वेळा आणि टेबल क्रमांक आम्ही ब्रॅकेटच्या संकेतस्थळावर टाकतो आणि खेळाडूंच्या मोबाइलवर सूचनाही जाते. तरीही कळले नाही अशी तक्रार का यावी? आणि बाद झालेल्यांसाठी मोकळे सेटअप ठेवायचे म्हटले, तर ते पूलमधून काढावे लागतील. दोन्ही एकदम कसे साधावे?

उत्तर : प्रवेशद्वार

पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण दारावर उभे राहिल्यावर त्याचा रोज प्रत्यय येतो. हजारो माणसे एका बंद दालनात आली की मोबाइलचे नेटवर्क मान टाकते. ज्या क्षणी सर्वांना ब्रॅकेट पाहायचे असते, त्याच क्षणी ते कोणालाच उघडत नाही. सूचना निघते वेळेवर आणि पोहोचते अर्ध्या तासाने. शिवाय दुपारपर्यंत निम्म्या लोकांच्या मोबाइलची बॅटरी संपत आलेली असते. म्हणून माहिती मोबाइलवर असावीच, पण केवळ मोबाइलवर असू नये. दालनात शिरताच दिसेल अशा उंचीवर पूल क्रमांक, वेळ आणि दालनाचा विभाग यांचा मोठा छापील तक्ता हवा. प्रत्येक विभागावर लांबून दिसणारे अक्षर टांगलेले हवे, आणि प्रत्येक पूलच्या टेबलावर क्रमांकाची उभी पाटी हवी. खेळाडूच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागे त्याचा पूल, वेळ आणि विभाग छापला तर निम्मे प्रश्न विचारलेच जाणार नाहीत. वेळ बदलली तर तक्त्यावर ती बदलण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसाची असावी. ती सर्वांची असली की कोणाचीच राहत नाही.

रांगेबाबत सांगायचे तर ओळखपत्र देणे आणि पिशव्या तपासणे ही दोन कामे एका दारावर करू नका. ओळखपत्रे आदल्या संध्याकाळीच द्यायला सुरुवात करा. तपासणी मात्र कमी करून चालणार नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील जॅक्सनविल येथे मॅडन या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेत झालेल्या गोळीबारात दोन खेळाडूंचे प्राण गेले, आणि त्यानंतर तपासणी हा आयोजकाच्या मर्जीचा विषय राहिलेला नाही. फायटिंग गेम्सच्या खेळाडूंच्या पिशव्यांत आर्केड स्टिक (दांडा आणि बटणे असलेला मोठा कंट्रोलर), तारा आणि पाने-पेचकस असतात, हे तपासणाऱ्यांना आधी दाखवून ठेवा, म्हणजे प्रत्येक स्टिक उघडून पाहण्यात वेळ जाणार नाही. ज्यांचा पूल पहिल्या तासात आहे त्यांच्यासाठी सकाळी वेगळी रांग करा.

पाण्याची सोय दालनाच्या आत, एकाहून अधिक ठिकाणी असावी. त्यासाठी कोणाला तपासणीतून पुन्हा आत यावे लागू नये. गोंगाटापासून दूर एक शांत खोली असावी, जिथे स्ट्रीमचा आवाज नाही आणि कोणी चित्रण करणार नाही. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या खेळाडूसाठी टेबलांच्या रांगांमध्ये पुरेसे अंतर सोडा आणि मंचावर जाण्यासाठी उतार करा. तो जिंकत जिंकत शेवटच्या आठांत पोहोचेल हे गृहीत धरूनच मंच बांधा, ऐनवेळी धावाधाव करण्याची वेळ येऊ देऊ नका.

आणि कृपा करून स्वयंसेवकांच्या पाळ्या लावा. सकाळपासून उभा असलेला, न जेवलेला स्वयंसेवक संध्याकाळी तुटक बोलतो, आणि बाहेरून आलेल्या माणसासाठी तोच तुमच्या स्पर्धेचा चेहरा असतो. दर पाळीला एक माणूस केवळ इतरांना सुटी देण्यासाठी मोकळा ठेवला तर ही अडचण येत नाही.

उत्तर : पहिली_फेरी

प्रवेशद्वार यांच्या तक्त्याच्या सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन आहे. आता दुसऱ्या शंकेबद्दल.

समजा तुम्ही 64 पूल चार पाळ्यांत घेता, म्हणजे एका वेळी सोळा. प्रत्येकी तीन सेटअप धरले तर 48 लागतील. मोकळ्या खेळासाठी पहिल्या दिवशी याशिवाय आठ-दहा सेटअप दालनाच्या एका कडेला वेगळे ठेवा आणि त्यांना हात लावू नका, कितीही उशीर झाला तरी. उशिराची भरपाई म्हणून हेच सेटअप सर्वांत आधी ओढले जातात असा अनुभव आहे, आणि हरलेल्या माणसाला बसायला जागा उरत नाही ती त्यामुळेच. दुसऱ्या दिवशी प्रश्न आपोआप सुटतो : 128 जणांना 48 सेटअपची गरजच नाही, त्यामुळे तीसेक सेटअप सकाळपासून मोकळे करता येतात.

मात्र नुसते सेटअप मोकळे ठेवले की ओळखीचे चार जण तिथे दिवसभर ठाण मांडून बसतात आणि एकटा आलेला खेळाडू मागे उभा राहून पाहत राहतो. म्हणून काही सेटअपवर जिंकणारा बसून राहील आणि हरणारा उठेल असा नियम ठेवा, आणि बाकीच्यांवर दुसऱ्या दिवशी सकाळी बाद झालेल्या खेळाडूंचीच वेगळी स्पर्धा घ्या. नोंदणी जागेवरच आणि विनाशुल्क ठेवा, आणि पूलमधून एकही सामना न जिंकता बाहेर पडलेल्यांना त्यांच्या पूलप्रमुखाने त्याच वेळी, त्याच टेबलावर तिच्याबद्दल सांगावे. तिचा अंतिम सामना मुख्य स्पर्धेच्या एखाद्या स्ट्रीमवर, दुपारच्या सामन्यांपूर्वी दाखवा. त्यासाठी समालोचक लागतीलच; त्यांची नावे तुमच्या यादीत आत्ताच घालून ठेवा, कारण त्या सकाळी ते सहसा झोपलेले असतात.